‘सदतीस लागलंय’ म्हणजे नक्की काय लागलंय?

मागच्या अंकात चेक बाऊन्सवर लिहिलं होतं, म्हटलं या वेळी पण तसलेच प्रश्न येतील, पण पाकिटं फोडली तर निम्म्याच्या वर गांजा नि एमडीचेच (एमडी म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर) निघाले. जत, आटपाडी, कराड, वडूज, एक तर थेट कळंबा जेलमधून कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. आश्चर्य कशाचं म्हणा. २०२४ च्या फेब्रुवारीत एमडीच्या मागावर पुणे पोलीस कुपवाडपर्यंत आले, मार्चमध्ये मुंबई पोलीस कवठेमहांकाळच्या इरळीत, २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत कारखानाच सापडला. तेव्हापासून आपल्याकडं पोलीस पण जोरात आहेत नि घरात कुणी अडकलं की लोकांच्या पोटात गोळा पण तेवढाच मोठा. नावं कुणाचीच छापत नाही, गावं पण जवळपासची टाकलीत.

प्रश्न : वकीलताई, माझा मुलगा २४ वर्षांचा, दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. द्राक्षाचे रिकामे क्रेट पोचवून येताना मिरजेच्या बाहेर गाडी अडवली आणि मागं खताच्या पोत्यात २१ किलो ३४० ग्रॅम गांजा घावला. तो म्हणतोय वाटेत एकानं पाचशे रुपये देऊन पोतं टाकायला सांगितलं, आत काय हाय माहीत नव्हतं. २ फेब्रुवारीला अटक, ३ तारखेला कोर्टात नेलं. पाच महिने झाले, चार्जशीट अजून नाही. वकील म्हणतात ‘सदतीस लागलंय, जामीन विसरा’. एक जण म्हणतोय दोन लाख द्या, आत ओळख हाय. काय करू?
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर : काकू, आधी ते दोन लाख. एक रुपया देऊ नका. ज्याची आत ओळख असते तो असा एसटी स्टँडवर गाठून सांगत नसतो आणि या कायद्यात जामिनाची ऑर्डर जजला कारणं लिहून द्यावी लागते, ओळखीनं होत नाही ती.

आता सदतीस म्हणजे काय. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यातलं हे ३७ वं कलम. साध्या गुन्ह्यात जज बघतात की माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, आणि सोडतात. इथं उलटं आहे. सरकारी वकिलांना विरोध करायची संधी द्यावीच लागते, आणि त्यांनी विरोध केला तर जजना दोन गोष्टी पटाव्या लागतात : एक, हा माणूस दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, आणि दोन, बाहेर आल्यावर असला गुन्हा पुन्हा करणार नाही. म्हणजे खटला चालायच्या आधीच तुम्ही निर्दोष आहात असं जजना वाटलं पाहिजे, आता बोला. त्यात ३५ आणि ५४ ही कलमं म्हणतात की माल सापडला तर ‘मला माहीत नव्हतं’ हे आरोपीनंच दाखवायचं. म्हणून तुमचे वकील विसरा म्हणाले, ते अगदीच खोटं बोलले नाहीत.

पण सदतीस प्रत्येक गांजाच्या केसला लागत नाही, ही गोष्ट निम्म्या लोकांना माहीतच नसते. ते मुख्यतः लागतं व्यावसायिक मात्रेला, आणि अजून दोन-तीन ठरावीक कलमांना, त्यातलं एक म्हणजे या धंद्याला पैसा पुरवणं. गांजाची छोटी मात्रा १ किलोपर्यंत, व्यावसायिक २० किलोच्या वर. मधली असेल तर शिक्षा १० वर्षांपर्यंत आहे पण सदतीस नाही, जामिनाचा विचार नेहमीसारखा होतो. तुमचा आकडा २१ किलो ३४०. म्हणजे सगळी लढाई त्या वरच्या एक किलो तीनशे चाळीस ग्रॅमची आहे.

तुम्ही पंचनाम्याची झेरॉक्स जोडलीत ते फार बरं केलंत. मी चष्मा पुसून दोनदा वाचला. त्यात लिहिलंय, ‘पांढऱ्या रंगाचे खताचे पोते, त्यात खाकी टेपने गुंडाळलेले ११ पुडे, पोत्यासह एकूण वजन २१ किलो ३४० ग्रॅम’. पोत्यासह! आता बघा, असल्या पुड्याला आतून प्लॅस्टिक नि वरून टेपचे पाच-सहा वेढे असतात, पुड्यामागं शंभर-सव्वाशे ग्रॅम सहज जातात, अकरा पुड्यांचे झाले सव्वा किलोच्या आसपास, वर पोत्याचे शे-दीडशे ग्रॅम. म्हणजे निव्वळ माल २० किलोच्या आत यायची बरीच शक्यता आहे, खात्री नाही, शक्यता. हा मुद्दा पहिल्या जामीन अर्जात घेतलाच नाही, तिथं नुसतं ‘घरची गरिबी, एकुलता कमावता’ एवढंच लिहिलंय. गरिबी खरीच आहे हो, पण सदतीसपुढं ती चालत नाही, वजन चालतं.

इथं एक सांगते, नाहीतर कुणीतरी अर्धवट ऐकवेल. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं हिरा सिंग केसमध्ये सांगितलंय की मालात दुसरं काही मिसळलेलं असेल तर ते पण वजनात धरायचं. ते मिसळलेल्याचं झालं, गुंडाळलेल्याचं नाही. पोतं काय कोण चिलमीत भरून ओढत नाही. निव्वळ वजन कुठं मिळेल तर कलम ५२अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर मालाची यादी, फोटो नि सॅम्पल होतात, त्या कागदात. तो कागद वकिलांना कोर्टातून काढायला सांगा. मात्र ५२अ मध्ये काही चूक सापडली म्हणून नुसत्या त्याच्यावर जामीन मिळेल असं धरू नका, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये काशिफच्या केसमध्ये ते स्पष्ट केलंय. आणि कलम ५०, म्हणजे ‘राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घ्या’ म्हणायचा हक्क, तो अंगझडतीला आहे. पोत्याला, पिशवीला, गाडीला नाही. व्हॉट्सअॅपवर त्याचे मेसेज फिरतात म्हणून लिहिलं.

आता यापेक्षाही महत्त्वाचं. दिवस मोजा. कॅलेंडर घ्या नि पेननं गोल करा. व्यावसायिक मात्रेच्या केसला चार्जशीटला १८० दिवस असतात. सरकारी वकिलांनी तपास कुठवर आला नि अजून कोठडी का हवी याचा रिपोर्ट दिला तर कोर्ट एक वर्षापर्यंत वाढवू शकतं, पण नुसतं पोलिसांनी मागितलं म्हणून नाही. १८० दिवस पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून मोजायचे, हा घोळ २०२३ मध्ये कपिल वाधवान केसमध्ये सुप्रीम कोर्टानं मिटवलाय. म्हणजे तुमचे ३ फेब्रुवारीपासून सुरू, १ ऑगस्टला १८० भरतात. मुदत वाढली नसेल आणि चार्जशीट आलं नसेल तर २ ऑगस्टला तुमच्या मुलाचा जामिनाचा हक्क तयार होतो, आणि या जामिनाला सदतीस आडवं येत नाही. डिफॉल्ट जामीन म्हणतात त्याला. पण तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो, आणि तुम्ही मागायच्या आधी चार्जशीट येऊन पडलं की हक्क गेला. मी डोळ्यांनी बघितलंय, सकाळी साडेदहाला अर्ज द्यायचा ठरलेलं, वकील साडेबाराला आले, चार्जशीट अकराला दाखल. त्या पोराचं पुढं दीड वर्ष गेलं. तर २ तारखेला कोर्ट उघडायच्या आधी वकिलांना घेऊन विजयनगरला कोर्टाच्या दारात उभ्या राहा, सुट्टी असेल तर काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. अगदीच वेळ आली तर तोंडी मागितलेलं पण चालतं असं सुप्रीम कोर्ट म्हणालंय, पण आपण लेखीच द्यावं. आणि वजनाचा मुद्दा धरला, मात्रा मधली ठरली, तर ही मुदत १८० दिवसांची राहतच नाही, खूप आधीच संपलेली असते. हे वकिलांशी आजच बोला, ऑगस्टची वाट बघू नका.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० ला फोन लावा, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला पण लागत नाही.

प्रश्न : मॅडम, भावाच्या रानात उसात गांजाची झाडं सापडली म्हणून त्याला उचललं. ६४ झाडं, वजन ४८ किलो, ‘२० च्या वर आहे’ म्हणतात. जमीन तिघा भावांच्या नावावर सामाईक आहे. आम्ही दोघं पण अडकू का?
— जत तालुका

उत्तर : दादा, ही केस आपल्या भागात नवीन नाही, ऊस नि मका कशासाठी उंच वाढतो हे काही लोकांना जरा जास्तच कळतं. असो.

झाडं उपटली तेव्हा ती मुळासकट, मातीसकट, ओलीच तागडीवर टाकली असणार. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. बिया नि पानं शेंड्यासोबत नसतील तर गांजात येत नाहीत. मग खोड, मुळं, माती यांचं वजन कशाला? शेंडे वेगळे न करता अख्ख्या झाडांचं वजन केलं म्हणून व्यावसायिक मात्रा आहे असं लगेच म्हणता येत नाही, अशा कारणावर मुंबई हायकोर्टानं जामीन दिलेल्या ऑर्डरी आहेत, वकिलांना त्या शोधायला सांगा. दुसरं म्हणजे नुसती लागवड केल्याचं कलम २०(अ) आहे, त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा, पण ते सदतीसच्या यादीत नाही. पोलीस लागवडीसोबत व्यावसायिक मात्रा बाळगल्याचं कलम पण लावतात, तिथं भांडायचं.

तुम्हा दोघांचं. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यानं कुणी आरोपी होत नाही, कोण कसत होतं ते बघतात. ई-पीक पाहणी कुणी केली, ऊस कारखान्याला कुणाच्या नावानं जातो, पाण्याची पाळी कुणाची, वाटणीपत्र आहे का. हे कागद आत्ताच गोळा करा, नंतर तलाठ्याकडं हेलपाटे मारू नका. पण तुम्हाला माहीत असून रान वापरू दिलं असेल तर कलम २५ आहे, ते मालकाला पण लागतं. तुम्हाला माहीत होतं का ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, मी पण विचारत नाही.

प्रश्न : आमचा ट्रक सोलापूरजवळ धरला. बिल्टी पशुखाद्याची, आत गांजा. ड्रायव्हर जेलमध्ये, मी आरोपी नाही. ट्रक चार महिने पोलीस ठाण्याच्या आवारात उभा, टायर गेले, हप्ता चालू. सुटेल का?
— वडूज, जि. सातारा

उत्तर : सुटू शकतो. पूर्वी खालची कोर्टं एनडीपीएस म्हटलं की गाडीला हातच लावायची नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आसामच्या एका ट्रकच्या केसमध्ये, बिश्वजित डे नावाची, सांगितलं की खटला संपेपर्यंत गाडी तात्पुरती ताब्यात द्यायला या कायद्यात बंदी नाही. उन्हापावसात सडवून काय उपयोग, असाच सूर होता.

पण तुमच्या केसमध्ये एक गोम आहे. माल ड्रायव्हरनं स्वतः ठेवला असं पोलिसांचं म्हणणं असेल तर अवघड, कारण तो तुमचा माणूस. पार्टीनं पोत्यांत लपवून भरला, ड्रायव्हरला पण माहीत नव्हतं असं कागदावरनं दिसत असेल तर बरंच सोपं. कलम ६० मध्ये मालकानं आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्यानं योग्य काळजी घेतली हे दाखवायचं असतं, म्हणून जीपीएसचा रेकॉर्ड, भरणी कुठं झाली ती पावती, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसशी झालेले मेसेज, भाडं कुणी पाठवलं त्याचं बँक स्टेटमेंट हे सगळं जोडा. आरसी, विमा, परमिट तर लागेलच. सुपुर्दनाम्यावर गाडी देताना अट असते की विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची.

आणि जबाबाला बोलावलं तर जा, टाळू नका, टाळलं की संशय वाढतो. अधिकाऱ्यासमोर कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही असं २०२० मध्ये तोफान सिंग केसमध्ये ठरलंय, तरी न वाचता सही करायची नाही म्हणजे नाही.

प्रश्न : मुलगा कराडला कॉलेजला. मित्रांसोबत ४० ग्रॅम गांजा घेऊन सापडला. ही केस जामीनपात्र आहे ना?
— पाटण तालुका

उत्तर : ताई, ‘जामीनपात्र’ शब्दावर जाऊ नका. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई हायकोर्टानं म्हटलंय की या कायद्यातले सगळेच गुन्हे अजामीनपात्र. म्हणजे पोलीस ठाण्यातून हक्कानं सुटका नाही, कोर्टात अर्ज करायचा. पण ४० ग्रॅम म्हणजे छोटी मात्रा, शिक्षा एक वर्षापर्यंत, सदतीसचा संबंध नाही, आधीचं काही नसेल तर सहसा लवकर जामीन होतो. खरंच सवय असेल नि तो स्वतःहून उपचार घेणार असेल तर कलम ६४अ आहे, त्याच्यात खटल्यातून सुटायची वाट आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ला फोन करा. मारू नका त्याला. एवढंच.

प्रश्न : बाई, मी निवृत्त शिक्षक. आमच्या विट्याच्या पोरांना एमडी विकणाऱ्यांना जामीनच कशाला हवा? तुम्ही वकील लोक पळवाटा शिकवता. सिनेमातल्या हिरोच्या पोराला महिन्याच्या आत जामीन आणि गरिबाला नाही, हे काय आहे?
— विटा

उत्तर : गुरुजी, तुमचं अर्धं पत्र अर्ध्या पत्राच्या विरुद्ध आहे, रागावू नका.

त्या हिरोच्या पोराकडं काहीच सापडलं नव्हतं, चॅटवर कट दिसत नाही म्हणून २०२१ मध्ये हायकोर्टानं जामीन दिला आणि पुढं चार्जशीटमध्ये त्याचं नावच आलं नाही. फरक एवढाच की त्याच्याकडं दुसऱ्या दिवशी मोठे वकील उभे होते आणि तासगावच्या काकूंच्या पोराचा मुद्दा पाच महिने पंचनाम्यात पडून राहिला. तुमचा राग त्या फरकावर असेल तर मी तुमच्या बाजूनं आहे.

एमडीची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅमच्या वर. मूठभर पण नाही. कारखाना घालून किलोंनी बनवणाऱ्याला सदतीस ओलांडणं महाकठीण आहे आणि असू दे, मला त्यांचं वाईट वाटत नाही. पण तेच सदतीस पुडी पोचवणाऱ्या पोऱ्याला लागतं, टेम्पोवाल्याला लागतं, आणि खटला चालतच नाही. पंच येत नाहीत, सीए रिपोर्ट, म्हणजे मालाच्या रासायनिक तपासणीचा, येत नाही, साहेबांची बदली झालेली असते, तारीख पडते. २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम केसमध्ये सुप्रीम कोर्टासमोर असाच एक जण होता, गांजाच्या केसमध्ये सात वर्षांवर आत, खटला अर्धवट. कोर्ट म्हणालं खटल्याला अवास्तव उशीर झाला तर सदतीस असलं तरी जामीन देता येतो. त्याच वर्षी ओडिशाच्या रबी प्रकाशला साडेतीन वर्षांनी मिळाला, तिथं गांजा २४७ किलो होता. यात पळवाट कसली? सरकारला खटला वेळेत चालवता येत नसेल तर माणसाला किती दिवस डांबायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि जामीन म्हणजे सुटका नव्हे हो, खटला उभाच असतो, दोषी ठरला की परत आत, दहा ते वीस वर्षं.

कळंब्यातून ज्यांनी लिहून पाठवलंय, तीन वर्षं झाली, ११ पैकी दोन साक्षीदार झालेत म्हणून, त्यांनी हेच उत्तर आपलं पण धरावं. फक्त एक करा, रोजनाम्याची (कोर्टात कुठल्या तारखेला काय झालं त्या नोंदीची) नक्कल काढा, किती तारखा झाल्या नि त्यातल्या किती तुमच्या वकिलांनी मागितल्या ते बघा. तुमच्याच बाजूनं तारखा घेतल्या असतील तर उशिराचा मुद्दा लंगडा पडतो. सांगलीत फेटाळला तर आता मुंबईला जायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, सांगली-सातारा दोन्ही त्याच्यात येतात. पूर्वी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्र काढायची नि सकाळी बोर्डावर नंबरच नाही, ते दिवस मी काढलेत.

प्रश्न : मेहुण्याला हायकोर्टातून जामीन झाला, पन्नास हजाराचा जामीनदार मागितलाय. माझ्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे. मी चालेन का?
— मिरज तालुका

उत्तर : बोजा असला म्हणजे बाद असं नाही, बोजा वजा जाता ऐपत दिसली पाहिजे. तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला काढा, आधार, घरपट्टीची पावती, दोन फोटो. दाखल्याला वेळ लागणार असेल तर वकिलांना तात्पुरता रोख जामीन मागायला सांगा, हायकोर्ट बऱ्याचदा काही आठवडे रोखीवर सोडतं नि मग जामीनदार द्यायचा. ऑर्डर होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिनाभर जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करता येते का ते कोर्ट बघू शकतं. आणि मोबाइलचं गूगल लोकेशन कायम पोलिसांना पाठवत राहायची अट असेल तर सांगा, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती अट चुकीची ठरवलीय.

मेहुणा पळाला तर पन्नास हजार तुमच्याकडून वसूल होतात, हे बायकोला आधी सांगून मगच सही करा. सातबारा ताजा काढून आणा, मागच्या वर्षीचा घेऊन आलात तर क्लार्क परत पाठवतील.